घोड्याच्या घरातलं प्यादं

खोली पाहायला येणाऱ्या प्रत्येकीला काकाजी आधी एक प्रश्न विचारत. नाव, गाव, कॉलेज हे सगळं नंतर.

"प्यादं चालत चालत शेवटच्या ओळीत गेलं. घोड्याच्या घरात पोचलं. आता त्याचं काय होते?"

माझ्या आधी आलेली मुलगी म्हणाली, "घोडा." तिच्या आजोबांनी तिला गावठी बुद्धिबळ शिकवलं होतं. त्या खेळात प्यादं ज्या सोंगटीच्या घरात पोचतं तीच सोंगटी होतं. हत्तीच्या घरात गेलं तर हत्ती, घोड्याच्या घरात गेलं तर घोडा. आमच्या गडचिरोलीकडच्या झाडीपट्टीतल्या गावांत जुनी माणसं आजही असंच खेळतात. काकाजींनी तिला चहा पाजला, मागच्या गल्लीतल्या दुसऱ्या घराचा पत्ता दिला आणि म्हणाले, "इथी खोली नाई."

मग माझ्याकडे वळले. बाबा माझ्या शेजारी गाठोडं घेऊन उभे होते. पोंभुर्ण्याजवळच्या आमच्या गावातून आम्ही पहाटे निघालो होतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी बारावीच्या पुढे गेलं नव्हतं. मी बुद्धिबळाचा पट फक्त शाळेच्या कपाटात पाहिलेला.

"मले माहीत नाई," मी म्हणाले.

"खोटं नाई बोलली," काकाजी बाबांना म्हणाले. "ठेवा सामान. शिकाव लागन हिले."

अशी मला वडशात खोली मिळाली. तिथे मी तीन वर्षं राहिले आणि पदवी घेतली. आज मी एका आश्रमशाळेत गणित शिकवते. फळ्यावर उदाहरण सोडवताना शेवटच्या पायरीजवळ माझा हात आपोआप थांबतो, तो काकाजींमुळे.

काकाजी रेल्वेत गेटमन होते. वडशाच्या पुढे जंगलात एक फाटक होतं, तिथे त्यांची सगळी नोकरी झाली. दिवसाला मोजक्या गाड्या. बाकी वेळ ते, एक खोपटं, एक हिरवा झेंडा आणि एक लाल. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी त्यांच्या अंगातून फाटक गेलं नव्हतं. रेल्वेलाइन घरापासून दोन गल्ल्या दूर. पण शिट्टी ऐकू आली की ते अंगणाच्या टिनाच्या फाटकाशी जाऊन हात आडवा धरून उभे राहत. गाडी जाईपर्यंत कोणी बाहेर पडायचं नाही.

"काकाजी, माझं प्रॅक्टिकल आहे."

"गाडीले माहीत आहे का तुहं प्रॅक्टिकल?"

"पण लाइन तिकडे आहे ना!"

"फाटक इकडे आहे."

आमच्या कॉलेजात उशिरा आलेल्या मुलीनं नुसतं "गाडी होती" म्हटलं तरी सर समजून जात, की ही त्या घरात राहते.

त्यांचं बुद्धिबळही फाटकावरच घडलेलं. पूर्ण डाव दोन गाड्यांच्या मध्ये बसत नाही, म्हणून ते फक्त शेवटचा भाग खेळत. तंबाखूच्या एका जुन्या डब्यात त्यांनी स्वतः सागवानातून कोरलेले दोन राजे आणि थोडी प्यादी असत. हत्ती, उंट, घोडे, वजीर काहीच नाही. एखादं प्यादं शेवटच्या घरात पोचलं की तिथे ते खिशातली सुपारी ठेवत. सुपारी म्हणजे वजीर.

"फौज असली की कोणीबी राजा असते," ते म्हणत. "दोन राजे आन् एक प्यादं उरलं, की समजते कोण किती पाण्यात आहे."

राजासमोर राजा कसा उभा करायचा हे त्यांनी मला पटावर शिकवलंच नाही. अंगणात पाण्यासाठी खणलेल्या चारीशेजारचा मातीचा अरुंद बांध होता, त्याच्या एका टोकाला मला आणि दुसऱ्या टोकाला काकूंना उभं केलं. काकूंच्या हातात कणीक माखलेली.

"धानाच्या बांधीत धुऱ्यावर दोन माणसं समोरासमोर आली," ते म्हणाले. "मधात एक पाऊल जागा. आता जो पहिले हालन तो चिखलात. म्हणून काय पाहाचं?"

"कोण जाड आहे ते," काकू म्हणाल्या.

"पाळी कोणाची आहे ते! जागा तीच, माणसं तीच. पाळी बदलली की डाव बदलला."

"अजी, माही पाळी भाकरीची आहे," असं म्हणून काकू सरळ चिखलात उतरून स्वयंपाकघरात गेल्या. पण मला ते कायमचं कळलं. प्यादं पळतंय आणि राजा त्याला गाठू शकेल का, हेही त्यांनी तसंच शिकवलं. गाडी किती लांब, सायकलवाला फाटकापासून किती लांब, आणि पाळी कोणाची. पुढे गणिताच्या पुस्तकात असे प्रश्न आले तेव्हा मी घाबरले नाही.

गणितात मी पहिल्या सत्रात नापास झाले होते. घरी सांगायची हिंमत नव्हती. काकाजींनी माझी उत्तरपत्रिका मागून घेतली. ते सातवीपर्यंत शिकलेले, त्यांना त्यातलं काय कळणार? पण ते पानामागून पान उलटत राहिले आणि म्हणाले, "पाह्य. वरचं अक्षर सारखं आहे. खाली येता येता अक्षर पळून राह्यलं. शेवटचं घर दिसलं की तू धावतेस. तिथीच थांबाचं असते." पुढच्या वेळी मी प्रत्येक उदाहरणाच्या शेवटी पेन खाली ठेवून पाच आकडे मोजले आणि मग उत्तर लिहिलं. पास झाले.

त्यांच्या घरात एकच गोष्ट अशी होती, जिला कोणी हात लावायचा नाही. मधल्या खोलीत तांदळाच्या ढोलीवर, म्हणजे उंच कणगीवर, एक टोपली पालथी घातलेली असे. टोपलीखाली एक पट आणि त्यावर पाच सोंगट्या मांडलेल्या. काकू ढोली झाडताना टोपलीच्या भोवतीनं फडकं फिरवत. तांदूळ काढायचा तर खालच्या तोंडातून काढत, झाकण उघडत नसत.

दुसऱ्या वर्षी मी काकूंना विचारलं. त्या चिवड्यासाठी पोहे निवडत होत्या. दिवाळी जवळ आली होती.

"माह्या भावाचं आहे ते," त्या खडे काढत म्हणाल्या. मग सांगितलं.

त्यांचा धाकटा भाऊ मार्कंड्याजवळच्या एका खेड्यात राहतो. पूर्वी तो दर भाऊबीजेला यायचा आणि मेहुणे मेहुणे पटावर बसायचे. अठरा वर्षांपूर्वीच्या भाऊबीजेला असेच बसले. काकूंनी ओवाळणीचं ताट तयार केलं, दिवा लावला, आणि म्हणाल्या, "एवढा डाव संपवा आन् पाटावर बसा." तेवढ्यात काकाजींचं प्यादं घोड्याच्या घरात पोचलं. त्यांनी तिथे वजीर ठेवला. भावानं वजीर उचलला आणि घोडा ठेवला.

"घोड्याच्या घरात घोडाच होते, जवाईबापू. आपल्या बापानं हेच शिकवलं."

"रेल्वेच्या स्पर्धेत वजीर होते. साऱ्या जगात वजीर होते."

"हे रेल्वे होय का? हे माह्या बहिणीचं घर होय."

काकाजींनी घोडा काढून वजीर ठेवला. भावानं पुन्हा घोडा ठेवला. शब्द वाढत गेले, एकमेकांच्या बापापर्यंत पोचले. शेवटी भावानं तो पांढरा घोडा मुठीत धरला आणि तसाच सायकलवर बसून निघून गेला. ताट तसंच राहिलं.

"त्या दिवसापासून इथी घोडा नाई, वजीर नाई," काकू म्हणाल्या. "मोठ्या सोंगट्या पोत्यात भरून माळ्यावर टाकल्या यायनं. आन् प्यादं एक घर मागं घेऊन डाव टोपलीखाली. म्हणते, तो येऊन कबूल करन की मी जितलो, तवाच उचलीन. तिकडे तो म्हणते, घोडा कबूल करा, मग येतो."

"मग भाऊबीजेला?"

"चंद्राले ओवाळते."

भाऊ नसलेल्या बायका भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात. काकूंना भाऊ होता, बसनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. दर शिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत हे दोघं जात, काकाजी वैनगंगेच्या काठावर उभे राहत, काकू भावाच्या गावाच्या दिशेनं पाहत, आणि दोघं परत येत.

खोली द्यायच्या वेळचा प्रश्न मला तेव्हा कळला. काकाजी अठरा वर्षं साक्षीदार गोळा करत होते.

तिसऱ्या वर्षी माझी परीक्षा दिवाळीनंतर लगेच होती, म्हणून मी घरी गेले नाही. पाऊस लांबल्यामुळे यंदा घराला चुना मारायचं भाऊबीजेच्या आदल्या दिवसापर्यंत राहिलं होतं. ढोली हलवावी लागणार होती. काकाजींनी मला बोलावलं. "तुहा हात स्थिर आहे. पट उचलून खाटेखाली ठेव. एकबी सोंगटी हालली नाई पायजे."

मी टोपली उचलली. पहिल्यांदाच तो डाव नीट पाहिला. पांढऱ्याचं एक प्यादं घोड्याच्या रांगेत, शेवटच्या घरापासून एक पाऊल मागे. त्याच्या मागे तिरपा पांढरा राजा. पटाच्या अगदी कडेला काळा राजा. त्याच्या पुढच्या घरात त्याचंच प्यादं, आणि त्या प्याद्याच्या तोंडाशी दुसरं पांढरं प्यादं. दोन्ही एकमेकांना अडवून उभी. पांढरे काकाजी, पाळीही त्यांचीच.

मी पट खाटेखाली ठेवला. पण मनात डाव फिरत राहिला. वहीत काढला. शेवटच्या घरात वजीर ठेवला आणि काकाजींनी लावलेल्या सवयीप्रमाणे पेन खाली ठेवून समोरच्याची चाल पाहिली. काळा राजा मागे जाऊ शकतो का? नाही, ते घर वजिराच्या माऱ्यात. बाजूला? ती घरं पांढऱ्या राजानं धरलेली. पुढे? तिथे त्याचंच प्यादं. मग प्यादं हलवेल? ते अडलेलं. आणि राजाला शह तर नाहीच.

म्हणजे स्टेलमेट. शह नाही आणि हलायला घरही नाही; अशा वेळी डाव बरोबरीत सुटतो. हा नियम त्याच नव्या कायद्यातला, ज्या कायद्यानं काकाजी वजीर मागत होते.

मी दहा वेळा तपासलं. मोबाईलवरच्या बुद्धिबळातही मांडून पाहिलं, जे काकाजींना अजिबात चालत नसे. मोबाईलनंही बरोबरीच दाखवली.  ज्या विजयासाठी या माणसानं बायकोचा भाऊ तोडला, तो विजय पटावर नव्हताच.

मी आधी काकूंना सांगितलं.

"म्हणजे खोटं कोण?" त्यांनी विचारलं.

"वजीर ठेवला तर कोणीच जिंकत नाही, काकू."

"त भाऊ येईन का?"

"मला माहीत नाही. पण काकाजींना सांगितलं आणि त्यांनी खोली सोडायला सांगितली तर? परीक्षा तोंडावर आहे."

काकूंनी हातातला चुन्याचा कुंचला बादलीत टाकला. "सांग तू. त्यायले तुले घराबाहेर काढाचं असन त मले पहिले काढाव लागन."

काकाजी खाटेवर बसले होते. मी पट त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "काकाजी, सुपारी ठेवा. आणि मग काळ्याची चाल तुम्ही खेळा."

"एकोणीस वर्षं झाली, मले शिकवतेस का?" असं म्हणत त्यांनी सुपारी ठेवली. काळ्या राजाला बोट लावलं. बोट मागच्या घरावर गेलं, परत आलं. बाजूला गेलं, परत आलं. प्याद्यावर गेलं. मग बोट हवेतच राहिलं.

तेवढ्यात लांबून गाडीची शिट्टी झाली. काकाजी उठले नाहीत. माझ्यासारखीच परीक्षेसाठी थांबलेली माझ्या खोलीतली मैत्रीण बाहेर जायला निघाली होती, ती सवयीनं फाटकाशी थांबली. गाडी धडधडत गेली. ती आतल्या बाजूला वळून म्हणाली, "काकाजी, जाऊ का? गेली ना गाडी?" 

बऱ्याच वेळानं काकाजींनी सुपारी उचलली आणि प्यादं परत मागे ठेवलं. मग प्याद्याला हात न लावता पांढरा राजा एक घर पुढे सरकवला. काळ्या राजाला आता एकच घर होतं, तिथे तो गेला. मग प्यादं पुढे, सुपारी, शह. राजा परत जागेवर. सुपारी एक पाऊल जवळ. मात.

"एक चाल," ते म्हणाले. "फक्त एक चाल थांबाचं होतं. जिंदगीभर थांबलो मी, पोरी. नोकरीच थांबायची होती. आन् इथी गाडी याच्या आधी फाटक उघडून देलं."

 काकू दारात येऊन उभ्या होत्या.

"घोडा ठेव पाहू," ते एकदम म्हणाले.

घोडा नव्हता. काकूंनी मिठाच्या बरणीशेजारचा चिंचोका आणून दिला. मी डाव पहिल्यासारखा मांडला आणि प्याद्याऐवजी शेवटच्या घरात चिंचोका ठेवला. घोड्याची अडीच घरं मोजली तर काळ्या राजाला सरळ शह बसत होता. राजा मागे सरला. घोडा उडून बाजूला आला, राजा परत पुढे आला, घोड्यानं पुन्हा शह दिला. राजा मागे सरकताच पांढरा राजा त्या अडलेल्या काळ्या प्याद्यावर चालून गेला आणि त्यानं ते खाल्लं. आता पांढऱ्याचं दुसरं प्यादं मोकळं झालं. त्याला अडवायला कोणी उरलं नाही.

"जितलो," काकाजी हळूच म्हणाले. "त्याच्या कायद्यानं मी जितत होतो. आन् माह्या कायद्यानं तो वाचत होता."

"म्हणजे तुमी दोघं," काकू म्हणाल्या, "आपआपल्याच नुकसानीसाठी भांडून राह्यले होते?"

काकाजी हसले नाहीत. त्यांनी पाणी मागितलं, तांब्याभर प्यायले, खाटेवर आडवे झाले आणि झोपले. भर दुपारी. गेटमन दिवसा झोपत नाही असं सांगणारा हा माणूस दोन तास असा झोपला, की काकूंनी दोनदा नाकाशी हात धरून पाहिला. उठले तेव्हा चेहरा वेगळाच होता, डोक्यावरचा भारा खाली टाकल्यावर दिसतो तसा. म्हणाले, "उद्याची पहिली बस किती वाजता आहे?"

दुसऱ्या दिवशी भाऊबीज होती. आम्ही दोघं निघालो; काकू ताट करायला घरी थांबल्या. काकाजींनी पाचही सोंगट्या मेणबत्तीच्या मेणानं पटावर चिकटवल्या आणि पट मांडीवर धरून खिडकीशी बसले. गडचिरोलीला बस बदलताना कंडक्टर म्हणाला, "काकाजी, ह्या मंडळीचं तिकीट काढलं का? पाच जण दिसतात."

"दोनच राजे आहेत," काकाजी म्हणाले. "बाकी लेकरं आहेत. अर्धं लाव."

मामाजी, म्हणजे काकूंचे भाऊ, अंगणात सायकल उलटी करून साखळीला तेल देत होते. आम्हाला पाहून उठले नाहीत.

"या जवाईबापू. रस्ता चुकला का?"

"हारलो हे सांगाले आलो."

मामाजींच्या हातातली तेलाची बाटली थांबली. "आता कळलं?"

"पुरं आइक. तू बी हारला."

मग काकाजींनी पट ओट्यावर ठेवला. मेण खरवडून काढलं. सुपारी ठेवून दाखवली, मग चिंचोका ठेवून दाखवला. मामाजी उकिडवे बसून पाहत होते. मध्येच त्यांनी काकाजींचा हात बाजूला केला आणि स्वतः चाली खेळून पाहिल्या. दोनदा. मग कपाळाला हात लावला. तेलाचा काळा पट्टा उमटला.

"म्हणजे मी घोडा घोडा करून..."

"आपलाच राजा मारून राह्यला होता."

"आन् मी गप्प बसलो असतो त?"

"बरोबरीत सुटला असतास. ओवाळून घेऊन, जेवून घरी."

मामाजी उठले. मग सायकल सरळ केली, कुलुपातली चावी काढली आणि काकाजींच्या हातात दिली. चावीला दोऱ्यानं पांढरा सागवानी घोडा बांधलेला होता. मानेतून आरपार भोक पाडून.

काकाजींनी तो बोटानं फिरवून पाहिला. "भोक पाडलं? सागवानाच्या घोड्याले?"

"हारवला असता. तुमचा होता ना."

काकाजींनी घोडा मुठीत धरला. त्यांनी नुसतं म्हटलं, "चाल. ताट तयार आहे."

आम्ही वडशाला पोचलो तेव्हा दिवस मावळायला आला होता. काकू फाटकाशी उभ्या होत्या. रडतील असं मला वाटलं होतं, पण त्या भावाच्या कपाळाकडे पाहून म्हणाल्या, "हे काळं काय लावून आलास? कुंकू कुठी लावू आता?" आणि पदरानं तेल पुसत राहिल्या. पुसून झालं तरी पुसत राहिल्या. त्या संध्याकाळी चंद्राला कोणी ओवाळलं नाही.

जेवणं झाल्यावर माळ्यावरचं पोतं उतरलं. वाळवीनं एक उंट खाल्ला होता, त्याच्या जागी चिंचोका ठेवला. दोघं पटावर बसले. मामाजींनी पहिली चाल करायच्या आधीच विचारलं, "आन् प्यादं शेवटच्या घरात गेलं त?"

काकाजींनी मान वर केली. 

"खेळा खुशाल," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "पण कोणाचंबी प्यादं शेवटपर्यंत गेलेलं मले दिसलं नाई पायजे."

तोच त्या घरातला कायदा झाला. प्यादं शेवटच्या घराच्या एक पाऊल आधी आलं की दोघं थांबतात, एकमेकांकडे पाहतात आणि डाव मोडून नवा मांडतात. खोली मागायला येणाऱ्या मुलींना आता फक्त नाव-गाव विचारतात. गाडीच्या वेळी फाटक मात्र अजून बंद असतं.

मी परीक्षा पास झाले. शाळेला सुट्टी लागली की दिवाळीत एक दिवस वडशाला जाते. मामाजी आलेले असतात. घोड्याला बांधलेली सायकलची चावी त्यांनी अजून सोडलेली नाही. काकाजींनी घोडा उचलला की ती पटावर घासत, बाकीच्या सोंगट्यांना लागत वाजते. काकूंना बुद्धिबळातलं काहीच कळत नाही. पण चुलीपाशी बसल्या बसल्या तो आवाज आला, की त्या भाकरी उलटता उलटता मला म्हणतात, "आइकलं का वो? भावाचा घोडा निघाला."